दसऱ्याला पुजलेले रॉड

त्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर आमच्या ट्रॅक्टरचं इंजिन अंगणात उघडून पडलं होतं आणि कापलेलं सोयाबीन शेतात ताडपत्रीखाली होतं. आमचं थ्रेशर त्याच ट्रॅक्टरवर चालतं. आभाळ भरून येत होतं.

लोहाऱ्याहून आलेल्या मिस्त्रीने पिस्टनचे तीन कनेक्टिंग रॉड काढले, प्रत्येकाला त्याची कॅप, म्हणजे खालचा अर्धगोल तुकडा, तारेने बांधली आणि जोड्या मोडू नका म्हणून बजावलं. दसऱ्याला तो पान्याला हात लावत नाही. दुसऱ्या दिवशी येतो म्हणाला.

आमच्याकडे दसऱ्याला विळ्यापासून फवारणीच्या पंपापर्यंत सगळं पुजलं जातं. नवऱ्याच्या मते उघडलेलं इंजिनही त्यात आलं. मी स्वयंपाक आटोपून बाहेर आले तर पाटावर वरच्या रांगेत तीन रॉड, खालच्या रांगेत तीन कॅप, मध्ये झेंडू. तार गंजकी दिसते म्हणून काढून टाकलेली. तेलात कालवलेलं कुंकू सढळ हाताने. मांडणी चांगली होती.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला, पाटासमोर उभा राहिला. "वहिनी, पूजा कोनं केली?"

मी नवऱ्याकडे बोट दाखवलं.

"सारे एकाच मापाचे हायेत ना," नवरा म्हणाला. "कोनतीबी कॅप लाव."

मिस्त्रीने हाताला आला तो रॉड इंजिनच्या फिरत्या दांड्यावर, क्रँकवर बसवला, शेजारची कॅप लावली, नट आवळले. "फिरवा भाऊ."

नवऱ्याने क्रँक दोन्ही हातांनी धरला, मग पाय रोवले. क्रँक जागचा हलला नाही. रॉड आणि कॅप एकत्र आवळूनच त्यांचं भोक कातलेलं असतं, दुसऱ्याची कॅप लावली की ते गोल राहत नाही, असं मिस्त्रीने सांगितलं आणि नट सोडवले.

मी डिझेल आणि जुना टूथब्रश घेऊन बसले. कुंकू निघालं तसे मिस्त्रीने काढताना पंचने ठोकलेले ठिपके दिसायला लागले. एका ठिपक्याच्या रॉडला एका ठिपक्याची कॅप, आणि दोन्ही ठिपके एकाच बाजूला; उलटी बसवलेली कॅपही चालत नाही. एकेक रॉड आवळला की नवरा क्रँक फिरवून बघायचा. तिसऱ्याच्या वेळी त्याला एक हात पुरला.

दुसऱ्या दिवशी थ्रेशर लागलं. शेवटचं पोतं घरात आलं आणि पाऊस सुरू झाला.

यंदा दसऱ्याला इंजिन उघडलेलं नव्हतं. नवरा कुंकवाची वाटी घेऊन ट्रॅक्टरसमोर थांबला.

"बॉनेटले लावू का?"

"लावा," मी म्हटलं.