घरचं रक्त

मी अमरावतीच्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. वीस वर्षं झाली. पेशी, ऊती, रक्ताचे घटक, सगळं तोंडपाठ. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी ‘बिचारीला काय माहीत’ म्हणायला नको. मला माहीत असायला पाहिजे होतं.

माझा धाकटा भाऊ अकोल्यात, जठारपेठेत, फुलांचं दुकान चालवायचा. लग्नाचे हार, गाडीची सजावट; गणपतीत तर त्याला जेवायची फुरसत नसायची. पस्तिशी ओलांडली तरी लग्न केलं नव्हतं. विचारलं की म्हणायचा, “दुसऱ्यायच्या वरमाला करता करताच जीव जाते माहा.” एका दिवाळीनंतर त्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. अंगावर जिथे तिथे निळे डाग. दुकानाच्या तीन पायऱ्या चढला की धाप. मी फोनवर झापलं, “डॉक्टरकडे जाऊन राह्यला का मी येऊ तिथं?” तेव्हा कुठे गेला. रिपोर्ट आला, तर लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, तिन्हींचे आकडे तळाला गेलेले.

कॅन्सर नव्हता. हाडांच्या आतल्या मज्जेत रक्त तयार होणंच बंद पडलं होतं. या मज्जेत मूळपेशी असतात, आजकाल सगळे स्टेम सेल म्हणतात त्या. एका मूळपेशीतून लाल पेशी होऊ शकते, पांढरी होऊ शकते, नाहीतर तिच्यासारखीच दुसरी मूळपेशी. म्हणून माणसाला रक्त जन्मभर पुरतं. माझ्या भावाच्या मूळपेशी त्याच्याच शरीराने मारून टाकल्या होत्या. कशामुळे, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

पक्का इलाज ठरेपर्यंत त्याला जगवायला बाहेरून रक्त द्यावं लागणार होतं. आणि इथे आमच्या घराण्याची रीत आडवी आली. आमच्यात पेशंटला परक्याचं रक्त चढू देत नाहीत. कोणी दवाखान्यात पडलं की आमच्या गावाहून, अंजनगाव सुर्जीहून, गाडी भरून माणसं येतात आणि बाह्या वर करून रक्तपेढीत उभी राहतात. जो येत नाही, त्याचं नाव पुढे दहा वर्षं निघतं. रक्तपेढीतला माणूस गरीब चेहऱ्याने म्हणाला, “मॅडम, तुमचं इथं जमा करा. त्यांना दुसरं तपासलेलं देतो. सारखंच असतं.” मी अशी तडकले त्याच्यावर! “सारखं कसं असते हो? सख्खी बहीण समोर उभी हाय, अन् कोणाचंबी रक्त घालता काय माह्या भावात?” गट जुळत होता. मी माझंच चढवायला लावलं. पुढच्या दोन महिन्यांत तीनदा प्लेटलेटही माझ्याच. चुलत भावांनी दिलं, आतेभावांनी दिलं. भाऊ पलंगावरून म्हणायचा, “ताईचं रक्त जाऊन राह्यलं आंगात. आता मी बी गिऱ्हाइकायवर वरडतो, पाय तू.” आम्ही पोट धरून हसायचो. मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता.

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, याला भावंडाच्या मूळपेशी द्याव्या लागतील, म्हणजे रक्त नव्याने बनायला लागेल. तपासणी झाली आणि माझी पूर्ण जुळणी निघाली. मायने दवाखान्याच्या पायऱ्यांवरच पेढे वाटले. बाबांचा जन्म संत्र्याच्या कलमा बांधण्यात, एका झाडाचा कोवळा डोळा दुसऱ्या झाडाच्या खुंटावर बसवण्यात गेला. त्यांना काही समजवावं लागलं नाही. “म्हंजे तुहा डोळा त्याच्या खुंटावर बांधतेत,” ते म्हणाले. “धरला म्हंजे झालं.” एवढंच होतं आता. माझ्या पेशींनी त्याच्या हाडात धरायचं, की तो वाचला.

भरती करायच्या आधी डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. “यांना आतापर्यंत घरच्या कोणाचं रक्त दिलंय?”

“माझंच,” मी ताठ मानेने म्हटलं. “रक्त, प्लेटलेट, सगळं.”

त्यांचं पेन थांबलं. मग त्यांनी अगदी हळू आवाजात सांगितलं की, जिच्या मूळपेशी घालायच्या तिचं रक्त आधी देत नसतात. जुळणी पूर्ण असली तरी बारीक फरक राहतातच; भावाच्या शरीराने माझ्या पेशी पाहून ठेवल्या होत्या, परक्या म्हणून. पुन्हा आल्या की ते त्यांच्यावर तुटून पडू शकतं. “तसं होईलच असं नाही,” ते म्हणाले, “पण धोका वाढलाय.” दुसरं जुळणारं कोणी नव्हतं. बाई गं! लसीचा धडा मी दरवर्षी शिकवते. शरीर एकदा पाहिलेलं विसरत नाही, हे वाक्य माझ्या हाताने फळ्यावर लिहिते. मी डॉक्टरांपुढे हात जोडले. म्हटलं, धोका आहे एवढंच त्याला सांगा, रक्ताचं सांगू नका.

माझ्या कमरेच्या हाडातून मज्जा काढली. थैलीत ती साध्या रक्तासारखीच दिसत होती, आणि सलाईनसारखीच त्याला लावली. त्यानंतर रोज सकाळी पांढऱ्या पेशींचा आकडा यायचा आणि रोज बाबांचा फोन. “धरलं काय?” मी म्हणायची, “वेळ लागते, बाबा.” दोन आठवडे गेले. तीन गेले. चौथ्या आठवड्यात तपासलं तर त्याच्या शरीरात माझी एकही पेशी सापडली नाही. पांढऱ्या पेशीच नाहीत म्हटल्यावर फुप्फुसात बुरशी शिरली, ताप उतरेना.

एका दुपारी गाऊन-मास्क चढवून मी त्याच्याजवळ बसले होते. तो म्हणाला, “ताई, तू तं पोट्ट्यायले शिकवतं. सांग न, काहून नाई धरलं?”

वर्गात कोणी ‘असंच होते’ असं उत्तर दिलं तर मी त्याला बाकावर उभं करते.

मी म्हणाले, “असंच होते कधी कधी.”

“लयच नालायक आंग हाय हो माह्यं,” तो म्हणाला. “तू हाडातलं काढून देल्लं, अन् यानं घेतलं नाई. माफ करजो, ताई.”

तेव्हा सांगता आलं असतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. जन्मभर ज्या तोंडाने सगळ्यांना फाडफाड बोलले, ते तोंड उघडलं आणि त्यातून निघालं काय, तर “गप रे, झोप आता.”

तिसऱ्या दिवशी तो गेला. आपल्याच शरीराचा दोष, असं समजून गेला.