सफरचंदाची गोडी छाटणी

मला धीर नाही. माहेरी म्हणायचे, हिला भात शिजेपर्यंत दम निघत नाही, दहादा झाकण काढून बघते. आणि अशा बाईनं बियांपासून सफरचंद करायला घेतलं, ज्याचं एक फळ बघायला वर्षंच्या वर्षं जातात. आता बोला!

सासर दिंडोरीकडचं, द्राक्षवाल्यांचं. मी अंबडला कंपनीत माल तपासायचं काम करते, स्कूटीवर जाते-येते. घरामागच्या तुकड्यात मी नर्सरीतून आणलेली सफरचंदाची दोन झाडं लावली होती, उष्ण हवेत येणारी. फळं आली आणि दोन्ही झाडांनी माझा पचका केला. एकाचं फळ गोड, पण तोडून दोन दिवस झाले की पिठूळ, चावलं की उकडलेला बटाटा. दुसऱ्याचं कडक, रसरशीत, पण इतकं आंबट की डोळे आपोआप मिटायचे. म्हटलं, यांचं लग्नच लावून टाकू.

एका जानेवारीत आंबट झाडाच्या कळ्यांतले पुंकेसर चिमटीनं खुडले, लेकीच्या रंगपेटीतल्या ब्रशनं गोड झाडाचा पराग लावला, वर कागदी पिशव्या बांधल्या. त्या फळांच्या बिया ओल्या वाळूत घालून डब्यात भरल्या आणि डबा फ्रीजमध्ये ठेवला, कारण थंडी लागल्याशिवाय सफरचंदाचं बी उगवत नाही. सासूबाईंनी तो उघडून विचारलं, "ही कसली गं चटणी?" पुढे रोपं आली. काही वाळली, काही रोगट म्हणून मीच उपटली. एक मात्र वाढत वाढत माझ्या डोक्यावर गेलं.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. त्यांना त्या तुकड्यात द्राक्षाचा मांडव वाढवायचा होता. ते एकदा जेवताना म्हणाले, "सूनबाई, नर्सरीतली ती दोन झाडं काढायचीच, त्यांची चव बघितली. तुझ्या बियाच्या झाडाला येत्या हंगामात फळ दाखव. खाण्यासारखं असलं तर ऱ्हाईल. नायतर पुढचा पाऊस उघडला की नांगर." नवरा मान खाली घालून भाकरी मोडत बसला.

माझ्या जिवाला तेव्हापासून घोर लागला. नर्सरीतलं झाड गेलं तर दुसरं आणता येतं. हे गेलं तर संपलं. सफरचंदाचं प्रत्येक बी वेगळं, पुन्हा तेच झाड जन्माला येत नाही. मी कंपनीत सुटे भाग मोजायचे आणि मनात त्या झाडाचे डोळे, म्हणजे फांदीवरचे कोंब. दसऱ्याच्या आसपास फांद्यांवरच्या आखूड, जाडसर फुटव्यांना फुगीर डोळे दिसले. फुलं त्यातूनच येणार होती! मी घरभर सांगत सुटले.

आणि त्याच आठवड्यात द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी आली. आमच्याकडे तिला गोडी छाटणी म्हणतात. काडी ठरावीक डोळ्यावर छाटायची, मग नव्या फुटीला घड येतो. मामांचा हात त्यात असा बसलेला की कात्री हातात आली की त्यांना थांबवता येत नाही. संध्याकाळी मी कामावरून आले, स्कूटी लावली, मागे गेले. माझं झाड पार बोडकं! प्रत्येक फांदी निम्म्यावर आणलेली, आखूड फुटवे खुरटे म्हणून साफ काढलेले. सफरचंदाचं फळ त्या खुरट्या जुन्या फुटव्यांवरच धरतं हो! माझी फुलं खाली मातीत पडली होती.

"मामा, हे काय केलंत!" मी ओरडले. सासऱ्यांपुढं इतका आवाज त्या घरात कुणी कधी काढला नसेल.

मामा कात्री पुसत उभे होते. चेहऱ्यावर नुसता आनंद. "अगं, गडी बागेत लागले व्हते, मी म्हटलं तुझ्याही झाडाची गोडी छाटणी करून टाकू. लय गोड येईल बघ."

रागानं डोकं फिरलं होतं आणि रडूही येत होतं. माणसानं वाईट म्हणून केलं असतं तर भांडले असते.

एकच फांदी वाचली होती. सासूबाईंची कपडे वाळत घालायची दोरी तिला बांधलेली, वर ओल्या साड्या. मामा म्हणाले, ओल्या साड्यांना कोण हात लावणार, तुझी सासू खाईल मला.

त्या फांदीवर फेब्रुवारीत फुलांचा एक गुच्छ आला. त्यातून दोन फळं धरली. एक अवकाळीच्या वाऱ्यात गळलं. उरलं एक. त्या एकावर माझं सगळं झाड टांगलेलं. उठले की बघायचे, कामावरून आले की बघायचे, जाळीची पिशवी नीट करायचे, पुन्हा सोडून बघायचे. सासूबाई म्हणाल्या, "अगं, नजर लागून गळेल ते!"

मे संपता संपता ते तोडलं. ओट्यावर चिरलं. मामांनी आधी द्राक्षाची साखर बघायचं मीटर आणलं, त्यावर रस पिळला, एक डोळा मिटून बघितलं. "आपल्या द्राक्षापुढं कमीच हाय," ते म्हणाले.

मग त्यांनी फोड तोंडात टाकली. कट्ट! असा आवाज झाला की नवऱ्यानंही वर बघितलं. मी माझी फोड खाल्ली. गोड होतं, आणि मागून आंबट येत होतं, रस हनुवटीवर आला. मला नाचावंसं वाटलं. मामांनी न विचारता दुसरी फोड घेतली. चावत चावत म्हणाले, "मी छाटलं नसतं तर?"

"झाडभर असती, मामा."

ते उठून बागेत गेले. झाड ठेवायचं की नाही, एक शब्द नाही. पावसाळाभर नाही. मी नवऱ्याला टोचून टोचून हैराण केलं, तो म्हणायचा, "तूच विचार की." माझी काय टाप होती विचारायची!

पुन्हा ऑक्टोबर आला. सकाळी मी निघाले तेव्हा छाटणीचे गडी बागेत शिरत होते आणि घरामागे ट्रॅक्टर उभा होता. त्या दिवशी अंबडला मी काय तपासलं देव जाणे. मामांना फोन लावला, उचलला नाही. सुटल्या सुटल्या स्कूटी पिटाळली. लांबूनच काळी नांगरलेली माती दिसली.

जवळ गेले. नर्सरीतली दोन्ही झाडं गेली होती, पण बियाच्या झाडाला नांगर वळसा घालून गेला होता. मधे झाड उभं, आणि त्याच्या एकूण एक फांदीला दोरी. दोऱ्यांवर साड्या, धोतरं, चादरी, टॉवेल, घरातलं होतं नव्हतं ते सगळं धुऊन वाळत घातलेलं. सासूबाई कमरेवर हात ठेवून कावल्या होत्या, "दुपारपासून नुसतं धुवायला लावलंय ह्यांनी!"

मामा बांधावर रिकाम्या हातांनी बसले होते.

"झाडाला हात लावू नका असं गड्यांना सांगितलं असतं तरी चाललं असतं की, मामा," मी म्हटलं.

"गडी ऐकतील गं," ते म्हणाले. "माझ्या हाताचा भरवसा नाय मला."