टेलचं पाणी आणि सासऱ्यांची नळी

पाणी वापर संस्थेची अध्यक्ष म्हणून माझं नाव पुकारलं गेलं तेव्हा मी उठून उभी राहिले आणि लगेच खाली बसले. भीतीनं नव्हे, आनंदानं. चौतीस वर्षं शाळेत पोरांना गप्प बसवलं, आणि त्या दिवशी मलाच गप्प बसता येईना. इंदापूरच्या कचेरीतून कागद घेऊन परतताना एसटीत शेजारच्या अनोळखी बाईला मी आमची चारी, म्हणजे कालव्यातून रानांना पाणी आणणारा पाट, किती लांब, तिच्यावर दारं किती, कुणाचं रान कुठं, सगळं सांगून टाकलं. ती बिचारी बारामतीला दवाखान्यात चालली होती. उतरताना मीच तिला तब्येत सांभाळा म्हणाले, तेव्हा तिला बोलायला पहिली संधी मिळाली.

निवडीत माझं कर्तृत्व काही नव्हतं, हे आधीच सांगते. कळंबच्या पुढं आमचं गाव. गावात दोन गट, आणि एकाचा माणूस दुसऱ्याला नको. ख्रिस्ती घर गावात एकच, ते आमचं. आम्हाला भावकी नाही, म्हणजे आम्ही कुणाचेच नाही, म्हणजे बाई बऱ्या, असं ठरलं. मी फक्त सह्या करीन असं दोन्ही गटांना वाटत होतं. मला ते कळत होतं आणि मी मनातल्या मनात हसत होते.

पुढच्या रविवारी बारामतीच्या चर्चमध्ये पाळकसाहेबांनी माझ्यासाठी प्रार्थना केली. ज्याला मोठं व्हायचंय त्यानं सगळ्यांचा सेवक व्हावं, या प्रभूच्या शिकवणीची त्यांनी आठवण करून दिली. मी मान खाली घालून आमेन म्हटलं खरं, पण घरी येईपर्यंत माझ्या कानात 'मोठं' एवढंच घुमत होतं.

पहिल्याच बैठकीत मी दोन नियम करून घेतले. पाणी आधी टेलला, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाला, आणि मग एकेक रान करत वर. दुसरा, पाळी नसताना जो पाणी घेईल त्याची त्या आवर्तनातली, म्हणजे कालव्याला पाणी सुटलेल्या त्या खेपेतली, पाळी गेली. नियम कागदावर पूर्वीपासून होतेच, पाळत कुणी नव्हतं. वरचे लोक आधी भिजवून घ्यायचे आणि टेलला चारीचा नुसता तळ ओला व्हायचा. टेलच्या सव्वा एकरात बौद्ध वस्तीतली एक बाई कांदा करत होती. नवरा पुण्याला नोकरीला, रान ती एकटी बघायची. एके काळची माझी विद्यार्थिनी. बैठकीत ती मागं बसली होती, एवढंच म्हणाली की कांदा पोसायला शेवटचं एक पाणी मिळालं तर पीक हाताला लागेल, नाहीतर गोट्यांएवढा राहील. मी सगळ्यांसमोर तिला शब्द दिला. आमचं स्वतःचं रान चारीच्या तोंडाशी आहे, म्हणजे माझी पाळी सगळ्यांत शेवटी, हेही मी ठासून सांगितलं. टाळ्या पडल्या. मला टाळ्या फार आवडतात, काय करणार.

शुक्रवारी सकाळी पाणी सुटलं. सोमवारी दुपारी बंद होणार होतं. मी सगळ्यांच्या देखत आधी आमचं दार बंद करून त्याला चिखल लिंपला, मग खाली जात एकेक दार बंद करून घेतलं. आणि चारी भरली. काठोकाठ भरली. अशी भरलेली चारी मी लग्न होऊन आले त्या वर्षी पाहिली होती, त्यानंतर नाही. पाण्याच्या तोंडाबरोबर आम्ही चालत होतो. पुढं पाचोळा, काड्या, एक फुटकी चप्पल, आणि मागं आम्ही दहा-बारा माणसं. कुणी मोटरसायकल ढकलत होतं, कुणी फोनवर टेलला खबर देत होतं. माझे मालक, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, मागून ओरडत होते की अध्यक्षबाई, जरा दमानं, पाण्याला तिकीट काढू द्या. संध्याकाळी पाणी टेलला टेकलं तेव्हा मी साठीची बाई बांधावर अक्षरशः उडी मारली.

शनिवारी दुपारपर्यंत ते घोट्याएवढं झालं, आणि संध्याकाळी नुसती ओल उरली. कांद्याच्या चारच सऱ्या भिजल्या होत्या.

माझं डोकं फिरलं. वर कुणीतरी पाणी ओढत होतं, आणि कोण ते माझ्या मते उघड होतं. आमच्या शेजारचे आबा. मोठे बागायतदार, आवाज मोठा, आणि पहिल्या बैठकीत टेलच्या नियमाला विरोध करणारे तेच. मी तडक त्यांच्या दारापाशी गेले. दार बंद होतं, चिखलही जागच्या जागी. तरी मी थांबले नाही. आधी उघडलं असेल आणि आम्ही यायच्या आत लिंपलं असेल, चोराला चिखल लावायला कितीसा वेळ लागतो, असं मी चांगल्या पंधरा माणसांसमोर म्हणाले. चोर हा शब्द मी वापरला. आबा काही बोलले नाहीत. त्यांचा चेहरा काळवंडला, आणि मला वाटलं, बघा, सापडले. रविवारी दुपारी बैठक बोलावली आहे, त्यात तुमची पाळी रद्द होईल, असं सांगून मी घरी आले. जेवण मस्त गेलं.

रविवारी सकाळी चर्चला न्यायला फुलं तोडायला मी घरामागच्या बागेत गेले. चार लिंबं, जास्वंद, शेवंतीचा एक वाफा, एवढीच ती बाग. पांढरी साडी, पायात चांगल्या चपला. दुसऱ्या पावलाला चप्पल चिखलात रुतली. मी ती उपसते आहे तोवर दुसरा पाय गेला. सगळी बाग तुडुंब होती आणि पाणी कुंपणाखालून ओढ्याला चाललं होतं.

मला शोधायला लागलं नाही. सासऱ्यांची नळी. लग्न होऊन आले त्या वर्षी सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, चारीच्या बांधात, अगदी वरच्या अंगाला, एक सिमेंटची नळी पुरली होती. पाटबंधारे खात्याला पत्ता न लागू देता. मी तिच्या तोंडाशी धुणं धुतलंय. पुढं चारी कधी भरलीच नाही, त्यामुळं पाणी तितक्या उंचीला चढलं नाही आणि नळी कोरडी पडली. आता मी सगळी दारं बंद करून चारी काठोकाठ भरली होती. माझ्या नियमानं माझ्याच घरची नळी पुन्हा चालू केली होती.

मी काय केलं तेही लिहिते. इकडंतिकडं बघितलं, गोठ्यातलं पोतं आणलं आणि नळीत कोंबलं. पाय धुतले, साडी बदलली. मनात म्हटलं, झालं की बंद, आता कुणाला कळायची काय गरज. आबांनी आजवर काय कमी पाणी ओढलंय? मोटरसायकलवर मागं बसून मी बारामतीपर्यंत मालकांशी एक शब्द बोलले नाही. त्यांना वाटलं मी प्रार्थनेच्या तयारीत आहे.

चर्चमध्ये गाणं गायले. तेही नेहमीपेक्षा मोठ्यानं. मग दानाची थैली फिरू लागली. ती एकेक रांग करत पुढं सरकत होती आणि माझ्या हातात पाकीट होतं. लहानपणापासून ऐकलेली शिकवण आहे, देवापुढं दान ठेवताना आठवलं की आपण कुणाचं मन दुखवलंय, तर दान तसंच सोडावं, आधी त्या माणसाकडं जावं. मी ही शिकवण रविवारच्या वर्गात मुलांना किती वेळा शिकवली असेल. थैली माझ्यासमोर आली. हात उचलेना. शेजारची बाई मला कोपरानं ढोसू लागली. मला आबांचा काळवंडलेला चेहरा दिसत होता, दुसरं काही दिसत नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही जास्त घाई झाली. बैठक बाराला होती. अकरा वाजत आले होते.

मी पाकीट मुठीत धरून उठले आणि सरळ बाहेर. पुरुषांच्या बाजूनं मालक धावत आले, चक्कर आली का विचारत. गाडी काढा, मी म्हणाले, वाटेत सांगते. वाटेत सांगितलं. ते एवढंच म्हणाले की अण्णांची नळी मलापण आठवली होती, पण तू इतकी खुशीत होतीस. आणि त्यांनी गाडीला असा वेग दिला की मी डोळे मिटून घेतले. बस चालवायची हौस कंडक्टरांच्या मनात असतेच.

बैठक मारुतीच्या पारावर सुरू झाली होती. चाळीसएक माणसं. आबा एका बाजूला, कुणी त्यांच्याजवळ बसलेलं नव्हतं. मला धाप लागली होती. मी आबांसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "आबा, काल मी तुम्हाला चोर म्हणाले. पाणी माझ्याच रानात चाललं होतं. आमच्या बांधात एक जुनी नळी सापडली. मी तुमची माफी मागते. माझी पाळी रद्द करा, आणि अध्यक्षही दुसरा बघा."

खरं सांगते, सकाळपासून पहिल्यांदा मला हलकं वाटत होतं. तोवर मालक घरी जाऊन फावडं घेऊन आले होते, नळी आत्ताच उकरू म्हणत होते. आबा उठले. त्यांनी मालकांच्या हातातलं फावडं घेतलं आणि आमच्या रानाकडं न वळता स्वतःच्या रानाकडं चालू लागले. सगळे मागोमाग. दारापासून वीस पावलांवर, घाणेरीच्या झुडपात, त्यांनी उकरायला सुरुवात केली. दोन हातांवर सिमेंटची नळी लागली. आमच्याच नळीची जोडीदारीण, एकाच दिवशी आणलेली असावी. तिच्यातून मनगटाएवढं पाणी चाललं होतं.

"दार म्या उघडलं न्हवतं, बाई," आबा म्हणाले. "पर काल तुमी चोर म्हणलात आन् मला उलटून बोलता आलं न्हाय. बापानं पुरलेली ही हितं हाय, मला म्हाईत हुतं."

माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं की म्हणजे मी बरोबरच होते. कसे गिळले ते शब्द, माझं मला माहीत. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली होती ती बहुधा त्या क्षणासाठी असावी.

आणि मग जी धमाल उडाली ती मी जन्मात विसरणार नाही. एकजण मागून हळूच म्हणाला की आमच्या रानातबी हाय एक. दुसरा म्हणाला, आमच्यात दोन. फावडी, टिकाव, पहारी निघाल्या. संध्याकाळपर्यंत आम्ही चारीच्या कडेनं खाली खाली जात होतो आणि बांधातून नळ्या निघत होत्या, दोन्ही गटांच्या, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असा प्रकार. जो आपली नळी उकरेल तो शेजाऱ्याच्या रानात नजर टाकायचा आणि शेजारी न सांगता पहार हातात घ्यायचा. दिवस मावळेपर्यंत तेरा नळ्या निघाल्या. नियमानं त्या सगळ्या घरांच्या पाळ्या गेल्या आणि कुणी हूं की चूं केलं नाही. माझ्या राजीनाम्याचा विषय कुणी काढला नाही, मीही नाही.

सोमवारी सकाळी मी टेलला गेले तेव्हा पाणी पोटरीपर्यंत होतं. ती पोरगी, पोरगी कसली, चाळिशीची बाई, साडी खोचून दारं धरत होती, एकेका सरीत पाणी वळवत होती. सरीमागून सरी भिजत होती. कांद्याची पात ताठ उभी होती. मला इतका आनंद झाला होता की माझ्या बोलण्याला खंड नव्हता. आबा कसे उठले, नळी कशी लागली, तेरावी कशी निघाली, सगळं तिला सांगत होते. तिनं पाणी दुसऱ्या सरीला वळवलं, कंबर सरळ केली आणि विचारलं.

"बाई, तुमची नळी तुमाला सापडली, का आधीच म्हाईत हुती?"

पारावर मी सापडली म्हणाले होते. सगळ्यांनी ते मान्य केलं होतं आणि विषय संपला होता. इथं तर आजूबाजूला कुणीही नव्हतं, ती आणि मी. सापडली म्हणाले असते तर तिनं मान डोलावली असती.

"माहीत होती," मी म्हणाले. "लग्न झाल्यापासून."

ती माझ्याकडं बराच वेळ बघत राहिली. वर्गात तिच्याकडं मी असंच बघत असे, गृहपाठ विसरले असं तिनं खरं सांगितल्यावर.

"आमी तवापास्नं हितं पाण्याची वाट बघतोय," ती म्हणाली. राग नव्हता आवाजात, म्हणून ते जास्त लागलं. मग तिनं फावडं माझ्या हातात दिलं. "न्हाय म्हणला असतात तर मी काय बोलले नसते. पर पुढच्या बैठकीला आले बी नसते. धरा दारं, मी च्या टाकते."

ती वस्तीकडं गेली. मी चपला बांधावर काढल्या, साडी खोचली आणि पाण्यात उतरले. सरी भरली की बांध फोडायचा, मागचा घालायचा, पुढची धरायची. हाताला फोड आले. दुपारी वरून पाणी बंद झालं तेव्हा सव्वा एकरातल्या दोनच सऱ्या कोरड्या होत्या, आणि त्या दोन माझ्या संथपणामुळं राहिल्या, असं तिनं मला तोंडावर सांगितलं.