मुहूर्तावर घेतलेली जुनी गाडी

आजोबांनी गाडी घेतली तेव्हा तुम्ही दोघा नातवंडांनी व्हिडिओ कॉलवर टाळ्या वाजवल्या होत्या. नंतर काय झालं ते तुम्हांला कुणी सांगितलं नाही, कारण आजोबांनीच तशी ताकीद दिली होती. आता त्यांचा राग निवळला आहे आणि ते फाटकाशी शेजाऱ्यांना मायलेजवर व्याख्यान देत उभे आहेत. तेवढ्या वेळात माझं लिहून होईल.

गाडी हवी होती ती नातेपुत्याच्या आक्कांसाठी. आक्का म्हणजे आजोबांची थोरली बहीण. दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू इतका वाढला होता, की चहात साखरेऐवजी मीठ घालून त्या वर साखरेलाच नावं ठेवत. ऑपरेशन सोलापुरात करायचं ठरलं, पण त्यांनी दोनदा तारीख मोडली. एसटी हिसके देते, भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर अनोळखी असतो, अशी कारणं. शेवटी म्हणाल्या, "माझा भाऊ सोताची गाडी घिऊन आला तर येते. न्हायतर डोळ्यांचं नाव काढू नका." तिसरी तारीख ठरली. ही मोडली तर आक्का पुन्हा तयार होणार नाहीत, हे आम्हां दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

इथे सोलापुरात सात रस्ता चौकाजवळ जुन्या गाड्या विकणारा एक तरुण व्यापारी आहे. बोलायला गोड. पांढरी गाडी दाखवत म्हणाला, "आज्जी, एका डॉक्टरांची हाय. दवाखाना ते घर, दुसरीकडं गेलीच न्हाय." मी टायर पाहिले, सगळे सीटबेल्ट ओढून पाहिले, कागदपत्रं वाचली, अगदी बारीक अक्षरातलीसुद्धा. इंजिनाकडे वळले, तर आजोबा म्हणाले, "ते माझं खातं." त्यांच्या खात्यात त्यांनी काय केलं, तर मुहूर्त काढला. पाडव्याला, सकाळी ऊन चढायच्या आत.

आता आपल्या घरची रीत तुम्हांला माहीत नसेल. नव्या वाहनाची पूजा झाली, चाकांखाली लिंबं चिरडली, की ते थेट घरी आणायचं. मध्ये कुठेही इंजिन बंद करायचं नाही, नाहीतर लक्ष्मी वाटेत उतरते म्हणे. त्यामुळे सिद्धेश्वराच्या देवळापाशी आजोबा घरघरणाऱ्या गाडीत रस्त्यावरच बसून राहिले आणि मी धावत जाऊन नारळ फोडून आले. मागच्या रिक्षावाल्याने आमच्या लक्ष्मीचा जो उद्धार केला तो मी इथे लिहीत नाही.

चार दिवसांनी आम्ही नातेपुत्याला निघालो. म्हटलं, रस्त्याचा अंदाज घेऊ, आक्कांनाही गाडी दाखवू. मोडनिंबच्या पुढे चहाला थांबलो. चहा झाला, आजोबांनी किल्ली फिरवली आणि गाडी नुसती कुरकुरली. पुन्हा फिरवली, पुन्हा कुरकुर. बॉनेट उघडून आजोबा आत असे काही पाहत होते, जणू इंजिनाने शरमून कबुली द्यावी. ऊन कलल्यावर गाडी आपली आपण सुरू झाली. आम्ही तसेच माघारी फिरलो. आजोबांनी सोलापूर येईपर्यंत गाडी बंद केली नाही.

व्यापाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "उद्या सकाळी घिऊन या की." सकाळी नेली, तर एका झटक्यात सुरू. "बघा बाबा, काय बी न्हाय. तुमचा हात बसला न्हाय अजून." पन्नास वर्षं वाहनं चालवलेल्या माणसाचा हात! आजोबा घरी येऊन दोन भाकऱ्या कमी जेवले. पुन्हा तक्रार केली, पुन्हा "सकाळी या." तिसऱ्या वेळी माझ्या डोक्यात उजेड पडला. हा माणूस आम्हांला नेहमी सकाळीच का बोलावतो? गाडी दाखवली सकाळी, दिली सकाळी. म्हणजे दोष तापलेल्या इंजिनाचा होता, आणि घेताना गाडी तापल्यावर बंद करून पुन्हा सुरू करण्याची वेळच आली नव्हती. त्याने येऊ दिली नव्हती आणि उरलेलं काम आमच्या लक्ष्मीने केलं होतं.

"आता काय उपयोग?" आजोबा म्हणाले. "पावतीवर छापलंय, विकलेली गाडी परत घेतली जाणार नाही."

"छापलं म्हणजे कायदा होत नाही. उद्या तो छापेल, की गिऱ्हाइकाने उठाबशा काढाव्यात."

तुमच्या आजीने इंग्रजीतले कायदे वाचण्यात दोन दुपारी घालवल्या. गाडी जुनी असली, तरी दुकानदाराकडून पैसे मोजून घेतली, म्हणजे आपण ग्राहकच. जुन्या वस्तूची झीज आपण सोसायची, पण माहीत असलेला दोष लपवून विकणं ही फसवणूक. दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, वकीलही लागत नाही. प्रश्न एकच होता. त्याला माहीत होतं, हे दाखवायचं कसं?

आम्ही भर दुपारी गेलो, गाडी शहरभर फिरवून. आजोबांनी इंजिन चालूच ठेवलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं बसलेली. मी मोठ्याने म्हटलं, "बाबांचा हात बसत नाही म्हणता ना, मग तुम्हीच होटगीपर्यंत चालवून दाखवा." लोकांसमोर नाही म्हणवेना. निघाला. मी शेजारी, आजोबा मागे.

वाटेत रेल्वेचं फाटक लागलेलं. पुढच्या मागच्या सगळ्यांनी इंजिनं बंद केली. पेरूवाली खिडक्यांमधून फिरू लागली. आमची गाडी मात्र चालूच.

"बंद करा ना. मालगाडी आहे, वेळ लागेल."

"असू द्या आज्जी. एसी बंद पडंल, तुमाला उकडंल."

"मी सोलापूरची आहे. मला उकडत नाही."

त्याने एसी आणखी वाढवला. शेजारच्या टेम्पोवाल्याने डोकं बाहेर काढलं. "ओ मालक, बंद करा की! धूर आमाला, गारवा तुमाला व्हय?"

मी हळूच विचारलं, "बंद केली तर काय होईल असं वाटतं तुम्हांला?"

त्याच्या कानशिलावरून घामाचा ओघळ आला, एसीत. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्याने किल्ली फिरवून गाडी बंद केली. मालगाडी गेली, फाटक उघडलं, आणि आमची लक्ष्मी कुरकुरत बसली. मागून भोंग्यांचा कल्लोळ. शेवटी टेम्पोवाल्याने आणि व्यापाऱ्याने मिळून गाडी ढकलून कडेला घेतली. आजोबांनी मागून गंभीरपणे सल्ला दिला, "हात बसला नाही तुमचा अजून."

कडुलिंबाखाली पेरू खात मी व्यापाऱ्याला आयोगाकडे द्यायची तक्रार वाचून दाखवली. सही तेवढी राहिली होती. तो खाली बघत म्हणाला, "आज्जी, चुकलं. मला बी ती तशीच मिळाली, मी पुढं ढकलली. चांगल्या वर्कशॉपात दुरुस्त करून देतो, माझ्या खर्चानं, हमी लिहून देतो. न्हाय जमलं तर गाडी परत घेतो."

"आणि परवा आक्कांना आणायचं आहे त्याचं काय?"

म्हणून तो स्वतःची गाडी घेऊन आमच्याबरोबर नातेपुत्याला आला. आक्कांना सगळं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "चोर तर चोर, अनोळखी तर न्हाय ना आता?" आणि बसल्या. वाटेत त्यांनी त्याचं गाव, आजोळ, बायकोचं माहेर सगळं विचारून घेतलं. वेळापूर येईतो तो त्यांच्या जावेच्या माहेरचा निघाला. मला भीती वाटली, आता नात्याखातर सगळं माफ होणार. आक्काच म्हणाल्या, "नातं हाय म्हणून काय झालं? कागद लिहून दे हिला." त्याने दिला.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, त्याच वेळी तो दुरुस्त झालेल्या गाडीची किल्ली घेऊन दवाखान्यात आला. आक्कांनी त्याला वरपासून खालपर्यंत निरखलं.

"हा व्हय तो? आवाजावरनं मला वाटलं, मिशीवाला असंल. चांगला देखणा हाईस की रं! एवढं तोंड दिलंय देवानं, मग फसवायची काय गरज?"

तो लाजला. आक्का उशीला टेकल्या आणि आजोबांकडे वळून म्हणाल्या, "आता दुसऱ्या डोळ्याची तारीख घ्या."