शिरूर अनंतपाळ: येळवशीला मामांची फेरी

"येळवशीला ये, अन् मामाला समजाव. तुझं ऐकतेत," मामींचा फोन आला, म्हणून निघाले.

मामा सत्तरीला आलेत आणि आमच्यातले पहिले धावणारे. उन्हाळ्यात उजाडायच्या आधी, पावसाळ्यात काळी माती बुटाला चिकटते म्हणून डांबरी सडकेनं, थंडीत मनसोक्त लांब. चाळिशीनंतर मी त्यांच्याच मागे पळत शिकले. यंदा मे महिन्यात मामा ऊन चढल्यावर धावले आणि सडकेवरच कोसळले. डॉक्टरांनी फक्त चालायला सांगितलंय. पण वेळा अमावस्येला, म्हणजे आमच्या येळवशीला, दिवस मावळताना कडब्याचा पेटता हेंडगा, म्हणजे मशालच, घेऊन पिकाभोवती पळायचं असतं. आमच्या शेतात तो मान मामांचा.

नांदेडहून एसटीनं लोहा, अहमदपूर करत लातूर, तिथून गाडी बदलून शिरूर अनंतपाळ. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खर्च किरकोळ. तुम्ही जाणार असाल तर आदल्या दिवशीच पोहोचा. येळवशीला माणसं सगळी रानात असतात, गावात चहासुद्धा मिळत नाही.

रानात मात्र वाटसरूलाही हाक मारून जेवायला बसवतात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेल्या कोपीत पूजा झाली. ओले दाणे आणि पालेभाज्या शिजवून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, माठातलं गार आंबील. शेजारच्या शेतातल्या त्यांच्या चुलतभावानं मामांना चिडवलं, औंदा मोटारसायकलवरून फिरवता का हेंडगा? मामा हसले नाहीत.

मी जवळ जाऊन बसले तर म्हणाले, "मामीनं पाठवलंय न्हवं? आधी आंबील पी."

"फेरी तुम्हीच घाला, मामा. पण चालत."

"चालत? हेंडगा काय मिरवायचा असतोय?"

दिवस मावळला. मामींनी हेंडगा पेटवून दिला. मामा चार पावलं पळाले, थांबले, मोकळा हात छातीशी नेला. मग चालू लागले. मी मागोमाग. हरभऱ्याच्या कडेनं, मग ज्वारीच्या. हेंडगा नेहमीच्या सवयीनं बांधलेला होता, पळणाऱ्या माणसाला पुरेल एवढाच. तिसऱ्या बांधावर जाळ मुठीपर्यंत आला. मामांनी तो ढेकळांत दाबून विझवला आणि चौथी बाजू रिकाम्या हातांनी, अंधारात चालले.

कोपीपाशी मामी पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. मामा सावकाश प्यायले.

"पुढल्या साली जाड बांधा," ते म्हणाले. "आता मी चालतच येणार हाय."

मामींनी तांब्या परत घेतला.

मी काही समजावलं, असं मला वाटत नाही. नांदेडला परतल्यावर गोदावरीच्या काठी धावताना गुडघा दुखायला लागला. एरवी तशीच पळत राहिले असते. त्या दिवशी थांबले. रोज भेटणाऱ्या एका काकूंनी विचारलं, "आज पळणं न्हाई?"

"आज चालत," म्हटलं, आणि त्यांच्यासोबत घरापर्यंत आले.