पुढच्या चाकातलं लुगडं

जॅकवर चढवलेलं ट्रॅक्टरचं पुढचं चाक दिसलं की मला सडक अर्जुनी तालुक्यातलं ते प्रकरण आठवतं. पोलिसाच्या नोकरीत याहून मोठे गुन्हे हाताळले. पण निवृत्त होऊन घरी बसल्यावर पुन्हा पुन्हा मनात येतं ते हेच. त्यातल्या कुणाचंही नाव इथे देत नाही. माणसं आपापल्या गावी आहेत, त्यांना निवांत राहू द्यावं.

कोहमाऱ्याच्या चौकात ट्रकांची पंक्चर काढणारा एक जण माझा खबऱ्या होता. जुने ट्रॅक्टर विकणाऱ्या एका दलालावर मी त्याला नजर ठेवायला सांगितलं होतं. उन्हाळा सरत आला असताना त्याचा फोन आला.

"साहब, तो दलाल आहे ना, त्यानं अजून एक जुना ट्रॅक्टर विकला. सांगून राहिला की कपाशीच्या मुलुखातला आहे, चिखल पाहिलाच नाही. पन मागच्या मडगार्डले आतून केजव्हील घासल्याच्या खुना आहेत. रंग मारला तरी हाताले लागतात."

केजव्हील म्हणजे धानाच्या चिखलणीसाठी लावतात ती लोखंडी पिंजऱ्याची चाकं. कपाशीच्या रानात त्यांचं काही काम नसतं. ट्रॅक्टर धानाच्या भागातलाच होता, तर दलालाने तो दूरचा का सांगावा? माणूस विनाकारण गाव बदलून सांगत नाही.

हवालदाराला घेऊन मी घेणाऱ्याच्या गावी गेलो. अंगणात ताज्या रंगाचा ट्रॅक्टर उभा होता आणि त्याखालून दोन पाय बाहेर आलेले होते.

"जय भीम, साहेब," तो बाहेर येत म्हणाला. "हात ग्रीसचे आहेत, नाहीतर खुर्ची आणून दिली असती."

जुनं वाहन घरी आलं की ते आधी धुणारे लोक मी खूप पाहिले. याने आधी उघडलं होतं. इंजिनचं ऑइल आणि फिल्टर बदलून झालं होतं. मागच्या धुऱ्याचं ऑइल दुधाच्या चहासारखं निघालं, म्हणजे त्यात पाणी शिरलेलं होतं. तेही बदललं होतं. पुढचं डावं चाक उघडून, बेअरिंग धुऊन पुन्हा बसवलं होतं. उजवं बाकी होतं. मी खिशातली स्टीलची पट्टी काढून चेसिस नंबरच्या आकड्यांमधलं अंतर मोजलं. कारखान्यात ठोकलेल्या आकड्यांमध्ये अंतर सारखं असतं. इथे शेवटचे तीन आकडे एकमेकांना चिकटले होते. इंजिन किती तास चाललं ते दाखवणारा तासमीटर नव्यासारखा, पण क्लचच्या पेडलचं रबर घासून गुळगुळीत झालेलं.

"हा जप्त करावा लागेल," मी सांगितलं.

त्याची बायको दारातच उभी होती. "काऊन, सायेब? रोवनी तोंडावर आली. भाड्याचा ट्रॅक्टर समद्यायचं झाल्यावर आमच्याकडे येते, तोवर पऱ्हे म्हातारे होतात. म्हनून बैलजोडी इकून हा घेतला. आता हाही नेऊन राहिले, त सोताले जुंपू का औताले?"

हवालदार खाली पाहू लागला. रोवणी म्हणजे धानाची लागवड, पऱ्हे म्हणजे त्याची रोपं; ती वेळेत रोवली नाहीत तर पीक जातं. पंचनामा केला आणि ट्रॅक्टर ठाण्यात आणला.

ठाण्याच्या आवारात जप्त वाहनांचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. टायर बसतात, सीटमध्ये उंदीर राहतात. दुसऱ्याच आठवड्यात हा माणूस डिझेलचा डबा घेऊन हजर. "साहेब, चालू करून पाहू द्या. बॅटरी बसली तर ज्याचा कोनाचा असन त्याच्या कामाचा राहनार नाही." हवालदाराला समोर उभं करून मी परवानगी दिली. तो दर बाजाराच्या दिवशी येऊन इंजिन फिरवू लागला.

दरम्यान जिल्ह्यातल्या चोरीच्या नोंदी तपासल्या. डोंगरातल्या दरेकसाकडच्या एका गावातून कापणीनंतर खळ्यावरचा ट्रॅक्टर गेल्याची तक्रार होती. मालक आणि त्याची बायको आले. मालकाने ट्रॅक्टरभोवती दोनदा फेरी मारली. "ठेवन आपल्याचसारखी वाटते, पन रंग आपला नाही. सायेब, मी शपथेवर कसा सांगू?"

दलाल मात्र निवांत होता. चौकशीत एकच पालुपद. "साहब, अपन तो बीचवाला आदमी. कागद आहेत, नंबर आहे. इनका है तो साबित करो ना." घासलेला मूळ नंबर काढण्यासाठी प्रयोगशाळेला लिहिलं होतं, पण तो अहवाल कधी येईल याचा भरवसा नव्हता.

मी मालकाच्या बायकोला वेगळं बसवून विचारलं, "बाई, बाहेरून सगळं बदललंय. आत काही खूण आहे का?"

ती चटकन म्हणाली, "आहे ना. पुढच्या दोन्ही चाकांत माझा लुगडा आहे."

"चाकात लुगडं?"

"हिरवा, लाल काठाचा. चिखलनीत सीलमधून गाळ आत जाते न बेअरिंग खाते. म्हनून हे ग्रीसमध्ये भिजवून पट्टी गुंडाळतात. मले न विचारता चांगला लुगडा फाडला होता, सायेब. तीन दिवस बोलली नाही मी यायच्याशी. इसरन कशी?"

जबाब नोंदवून मी घेणाऱ्याला बोलावलं. तिच्या जबाबाबद्दल त्याला एक अक्षर सांगितलं नाही. तो बायकोसह आला.

"डावं चाक उघडलंस तेव्हा आत काय होतं?"

त्याने आवारातल्या ट्रॅक्टरकडे पाहिलं. मी कशावर बोट ठेवतोय ते त्याच्या ध्यानात आलं असावं. काही नव्हतं म्हणाला असता, तर त्या क्षणी ट्रॅक्टर दुसऱ्याचा ठरत नव्हता. फक्त त्याला हे ठाऊक नव्हतं की उजवं चाक मी उघडणारच होतो. तिथे लुगडं निघालं असतं, तर चोरीचा माल लपवल्याचा संशय त्याच्यावर आला असता आणि मला त्याला आरोपी करावं लागलं असतं.

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. "सांगून टाका. दुसऱ्याच्या वस्तूवर धान पिकवून आपल्याले गोड लागनार आहे का?"

"कापडाची पट्टी होती, साहेब," तो म्हणाला. "हिरव्या लुगड्याची. ग्रीसनं काळी झालती. चुलीत टाकली."

दुसऱ्या दिवशी पंचांसमोर, दलालाला उभं करून, उजवं चाक उघडलं. सीलमागून काळी पट्टी निघाली. रॉकेलमध्ये धुतली तसा आधी हिरवा रंग दिसला, मग लाल काठ. मालकाच्या बायकोने घरून उरलेला तुकडा आणला होता. काठाला काठ जुळला. न विचारता लुगडं फाडल्याचं गाऱ्हाणं तिने घेणाऱ्याच्या बायकोलाही ऐकवलं. दलाल खाली बसला आणि म्हणाला, "साहब, पानी पिलाओ. और दो है, वो भी बताता हूँ." ते दोन्ही ट्रॅक्टर पुढे मिळाले. दलालाकडून जप्त झालेल्या पैशातून घेणाऱ्याला त्याची रक्कम परत देण्याचा आदेशही न्यायालयाने दिला, पण तो यायला वेळ लागला. रोवणी तोवर थांबणार नव्हती.

न्यायालयाने ट्रॅक्टर सुपुर्दनाम्यावर, म्हणजे खटला संपेपर्यंत सांभाळायला, मालकाच्या ताब्यात दिला, तेव्हा पाऊस सुरू झाला होता. त्या दिवशी दोन्ही जोडपी ठाण्यात आली होती. मालकाने बॉनेट उघडून आत पाहिलं, ऑइलची कांडी काढून बोटावर पुसली. "माझ्यापेक्षा नीट ठेवला याने," तो मला म्हणाला. मग घेणाऱ्याकडे वळून, "भाऊ, तुमचे पऱ्हे केवढे झाले?"

"झाले रोवायजोगे."

"मग पहिली चिखलनी तुमच्या धानाच्या बांधीत. चालवा तुमीच, तुमाले त्याची सवय आहे. आमच्या डोंगराकडची रोवनी मागून असते."

घेणारा जॅक शोधायला वळला. त्याची बायको पुढे झाली. चाकातली पट्टी मुद्देमाल म्हणून लाखेच्या मोहोरेखाली बंद होती, त्यामुळे उजव्या चाकात काही नव्हतं आणि डाव्यातही नव्हतं. तिने पिशवीतून दोन पट्ट्या काढल्या, निळ्या रंगाच्या. घरूनच फाडून आणल्या होत्या.

"अवो बाई, चांगला लुगडा कायले फाडला?" मालकाची बायको म्हणाली.

"मले इचारून फाडला," ती म्हणाली. दोघी हसल्या.

जुनं वाहन घेणाऱ्याला मी आजही सांगतो: रंग पाहू नका, चाक उघडून पाहा. माणसाच्या बाबतीतही माझा अनुभव तोच. तोंडावरून मी अनेकदा चुकलो. पण परक्याच्या ताब्यात जाऊ शकणारी वस्तू जो दर बाजाराला येऊन सांभाळतो, तो चौकशीत खरं बोलेल असा अंदाज मी नंतरच्या नोकरीत धरत गेलो आणि तो बहुतेक वेळा बरोबर निघाला.

त्या दिवशी ठाण्याच्या आवारातच दोन्ही चाकं जॅकवर चढली. पट्ट्या ग्रीसमध्ये बुडवून मालक आणि घेणारा समोरासमोर बसले, एकेकाने एकेक चाक बांधलं. हवालदाराने फाटक उघडलं, आणि ट्रॅक्टर घेणाऱ्याच्या गावाच्या दिशेला वळला.