चूल निघाली रानात

दिवाळी झाली की आमच्या घरी माळ्यावरून तंबू खाली येतो. अंगणात झटकला की आधी वाळू पडते, मग वाळलेली पानं, आणि मग किस्से पडायला लागतात. कुणीतरी म्हणतं, "ते हतनूरचं आठवतं का?" झालं! तंबू तसाच पडून राहतो आणि सगळे पायऱ्यांवर बसतात. वाळू झाडून टाकता येते हो, पण किस्से कोण झाडणार? दर ट्रिपला त्यात भरच पडते.

मंडळी आधी सांगून टाकते, म्हणजे घोळ नको. नाना म्हणजे माझे मोठे दीर. सगळी नोकरी दीपनगरच्या वीज केंद्रात झाली. त्यांची बायको अक्का, म्हणजे माझी मोठी जाऊ. माहेर साक्रीकडचं, बोलणं मोजकं, आणि बोलल्या तर अहिराणीत. प्रमोद हा माझा नवरा. मोबाईल हे त्याच्या हाताचं सहावं बोट, असं आमच्या सासूबाई म्हणायच्या. नणंद कविता धुळ्याला दिली आहे, तिचे यजमान दिनेशराव. म्हणजे जावई. म्हणजे त्यांना कुणी काही बोलायचं नाही!

रिटायर झाल्यावर नानांना कॅम्पिंगचं वेड लागलं. नियम एकच. "हॉटेलचं नाही, पाकिटातलं नाही. रानात जायचं, पण जेवण बठ्ठं, अगदी सगळं, घरचं. ताजं आणि गरम!"

नियम नानांचा, अंमलबजावणी अक्कांची. कविता आणि मी हाताखाली.

*

पहिली ट्रिप हतनूर धरणाच्या पाण्यालगत, नानांच्या ओळखीच्या केळीच्या बागेशेजारी. गाडीत इतकं सामान की मांडीवर परात घेऊन बसायची पाळी आली. वर नानांनी कौतुकाने सांगितलं, "पाटा जड होतो, म्हणून मी मिक्सर घेतलाय. बायकांना त्रास नको!"

पोचल्यावर अक्कांनी चूल पेटवली. शेवभाजीसाठी कांदा, खोबरं, मिरच्या भाजल्या, सगळं मिक्सरच्या भांड्यात भरलं, झाकण लावलं आणि वायर हातात धरून नानांसमोर उभ्या राहिल्या.

नानांनी तंबूच्या खांबाकडे पाहिलं. मग केळीकडे पाहिलं. मग पाण्याकडे.

दिनेशराव म्हणाले, "नाना, तुम्ही दीपनगरला वीज तयार करत होता, मान्य. पण ती ओळख ठेवून तुमच्या मागेमागे येत नाही!"

अक्कांनी काठावरचे दोन दगड धुतले आणि मसाला वाटायला बसल्या. जेवताना नानांनी बोटं चाटली आणि म्हणाले, "बघा! दगडावरच्या मसाल्याची चवच वेगळी. म्हणून तर मी पाटा आणला नाही!"

*

मग प्रमोदने चॅनल काढलं. 'रानातला गडी, चुलीवरची गोडी'. नाव त्याचंच. मी माझी नापसंती तेव्हाच नोंदवली होती.

पहिला व्हिडिओ भरताचा. हिवाळ्यात खान्देशात भरीत म्हणजे सणच. जळगावची ती हिरवी, लांबडी वांगी, कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ, त्यात वांगी काळीठिक्कर होईपर्यंत भाजायची. प्रमोद कॅमेऱ्याच्या मागे उभा राहून घसा खाकरून बोलायला लागला. "नमस्कार मित्रांनो! आज मी तुम्हाला भरीत करून दाखवणार आहे. बघा, आता मी वांग्यांना चिरा देतोय. आता मी ती जाळात सोडतोय. हात भाजतो, पण काय करणार? आवड असावी लागते!"

वांगी मी सोलली. मिरच्या आणि लसूण मी ठेचला. तेलात कांद्याची पात मी परतली. धुराने डोळ्यांतून पाणी माझ्या आलं. पूर्ण व्हिडिओत फक्त दोन हात दिसतात, आणि वर आवाज येतो, "आता मी..."

संध्याकाळपर्यंत लाईक आले, अंगठे आले. प्रमोद खूश! मग एक कमेंट आली. त्याने मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि मध्येच मोबाईल पालथा घातला. मी मोबाईल ओढून घेतला.

लिहिलं होतं, "भाऊ, भरीत एक नंबर. बांगड्याही छान शोभतात तुम्हाला!"

*

दिनेशरावांना या कमेंटचा फार आनंद झाला. इतका, की पुढच्या ट्रिपला त्यांनी जाहीरच केलं. "या वेळी वरण-बट्टी मी करणार. बायकांनी फक्त आराम करायचा!"

ट्रिप साक्रीच्या पुढे, डोंगरात. आम्ही तिघी सतरंजी टाकून मोहाच्या झाडाखाली आडव्या झालो. अक्कांनी डोळे मिटले.

"वहिनी, कणकेत रवा किती?"

अक्कांनी सांगितलं. पुन्हा डोळे मिटले.

"वहिनी, ओवा कुठंय?" "वहिनी, तूप आता घालू का नंतर?" "वहिनी, हे पातळ झालं!" "वहिनी, हे घट्ट झालं!"

शेवटी अक्का डोळे न उघडता म्हणाल्या, "जावईबापू, मी उठीसन करी देऊ का?"

"छे छे! तुम्ही आराम करा ना!"

निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे, म्हणजे बट्ट्या, तयार झाल्या. दिसायला सोनेरी, टुमटुमीत. जावयाचा मान म्हणून नानांनी पहिली बट्टी उचलली आणि तोंडात धरली. दात सलामत राहावेत म्हणून तशीच पुन्हा ताटात ठेवली. म्हणाले, "वरणात जरा भिजू द्यावी म्हणतो."

ती दुपारभर वरणात होती. वरण आटलं, पण बट्टी भिजली नाही.

तेवढ्यात वारा सुटला. तंबूची एक खुंटी उपटली आणि कापड फडफडायला लागलं. दिनेशराव ओरडले, "हातोडी! हातोडी कुठंय?" हातोडी धुळ्यालाच राहिलेली. कविता शांतपणे उठली, ताटातली बट्टी उचलली, चार ठोक्यांत खुंटी जमिनीत बसवली आणि बट्टी फुंकून नवऱ्याच्या हातात दिली.

"घ्या. चीरसुद्धा गेली नाही!"

*

पालचा किस्सा मात्र थोडा वेगळा आहे. पाल म्हणजे सातपुड्यात, रावेरच्या वर. थंड हवा, झाडी, आणि थोडं चालून गेलं की दरीवर एक जागा आहे, तिथून सगळा उतार दिसतो. नानांची आवडती जागा. आम्ही तिथे कितीतरी वेळा गेलोय.

त्या वर्षी शेजारी एका तरुण जोडप्याचा तंबू होता. पुण्याचे असावेत. छोटासा स्टोव्ह, त्यावर छोटंसं भांडं, त्यात पाकिटातल्या शेवया. नानांना ते बघवेना. "काय हे! लग्न होऊनही पोरगा पाकिटातलं खातोय!" म्हणत त्यांनी दोघांना हाताला धरून आणलं आणि पंगतीला बसवलं. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, झणझणीत शेवभाजी, ठेचा. पोरगा दोन घासांत घामाने भिजला. नाना वाढतच होते. "खा, लाजू नका! हे घरचं आहे, याने काही होत नाही." पोरगा पाण्याची कळशी घेऊन झाडामागे गेला, तो बराच वेळ आलाच नाही.

पोरगी मात्र टिकली. डोळ्यांतून पाणी गाळत पोटभर जेवली. मग चुलीपाशी येऊन बसली. अक्का अजून भाकरी थापतच होत्या. तिने विचारलं, "काकू, तुम्ही येता तेव्हा दर वेळी एवढा स्वयंपाक करता?"

"हा."

"आणि मग फिरता कधी?"

अक्कांचा हात परातीतच थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली, ती मीच उलटली.

"त्या दरीवरच्या जागेवरून सूर्यास्त मस्त दिसतो ना? मला तर तिथून उठावंसंच वाटेना," पोरगी म्हणाली.

"दिसत असेल," अक्का म्हणाल्या. चक्क शुद्ध मराठीत.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही पालला इतक्या वेळा आलो, आणि या बाईने चूल सोडून पाल पाहिलेलंच नाही! मी नानांकडे बघितलं. नाना भाकरीचा तुकडा मोडत पोरीला म्हणाले, "अगं, ही फिरायला नाहीच म्हणते. हिला स्वयंपाकाचीच हौस!"

*

नानांची कीर्ती वाढत गेली. भुसावळच्या एका ज्येष्ठ नागरिक मंडळाने त्यांचं भाषण ठेवलं. विषय, 'रानावनात घरगुती जेवण'. शाल, नारळ, माईक, सगळं होतं. नाना रंगात आले. चूल कशी मांडावी, वारा कुठून यावा, चुलीवर अन्नाची चव कशी खुलते. टाळ्यांवर टाळ्या!

शेवटी प्रश्नोत्तरं. मागच्या रांगेतल्या एक बाई उभ्या राहिल्या. "बेसनाच्या पातोड्यांच्या रश्श्याला मसाला किती घ्यायचा?"

"अंदाजाने," नाना म्हणाले.

"आणि पातोड्या रश्श्यात सोडल्यावर फुटतात, त्याला काय करायचं?"

"त्याचाही एक अंदाज असतो."

"अहो, पण अंदाज कोणाचा?"

नानांनी माईक खाली केला आणि पहिल्या रांगेत बसलेल्या अक्कांकडे बोट केलं. "हिचा."

हॉलमध्ये हशा झाला. नानाही हसले. घरी येताना शाल त्यांच्याच खांद्यावर होती. नारळ अक्कांच्या पिशवीत होता. दुसऱ्या दिवशी फोडला, आणि चटणीही त्यांनीच केली!

*

आणि आता लळिंगचं.

गेल्या हिवाळ्यात नानांनी दीपनगरच्या जुन्या मित्रांना सहकुटुंब बोलावलं. लळिंगच्या किल्ल्याच्या पायथ्याशी, दिनेशरावांच्या मित्राच्या शेतात कॅम्प. धुळं अगदी जवळ. आणि बेत काय? मांडे! म्हणजे उपड्या खापरावर भाजलेली ती आमची मोठ्ठी पुरणपोळी. पोळपाट-लाटणं नाही. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत ताणायचा आणि अलगद खापरावर टाकायचा. करणारणीचे खांदे भरून येतात, जाळाने तोंड लाल होतं. नाना मित्रांना फोनवर म्हणाले, "रानात मांडे! आयुष्यात खाल्ले नसतील असे!"

मी अक्कांना म्हटलं, "नाही म्हणा ना. इतक्या माणसांचे मांडे?"

अक्का म्हणाल्या, "पुरन वाटी ठेव." म्हणजे वाटून ठेव.

सकाळी लवकर पोचलो. पुरण तयार, कणीक तिंबलेली, खापर चुलीवर चढवलेलं. मित्रमंडळी यायची होती. पुरुष तंबू ठोकण्यात दंग. अक्कांनी चुलीत एक लाकूड सरकवलं, हात धुतले, पिशवीतून कॅनव्हासचे बूट काढले, कोरे करकरीत, आणि घातले. मग पदर खोचला आणि किल्ल्याच्या वाटेला लागल्या. मागे वळून म्हणाल्या, "ये रहायनात ना?" म्हणजे, येताय ना?

कविता आणि मी चपला शोधत धावलो.

चढताना अक्का दमल्या, थांबल्या, पुन्हा चढल्या. कवितेने दोनदा म्हटलं, "वहिनी, परत जायचं का?" अक्का चढतच राहिल्या. वर पोचलो तेव्हा वारा असा, की बोललेलं ऐकू येईना. अक्का तटाच्या दगडावर टेकल्या. खाली हायवेवर ट्रक मुंग्यांसारखे. पलीकडे पूर्ण धुळं पसरलेलं. त्या बघतच राहिल्या.

"धुळं इतलं मोठं शे?" त्या म्हणाल्या. "मी ते फक्त स्टँड देखेल शे."

मग हसायला लागल्या. मला लग्न होऊन आल्यापासून त्या अशा हसलेल्या आठवत नाहीत. कवितेच्या पर्समध्ये चिवड्याचं पाकीट निघालं. दुकानातलं. तिघींनी तिथेच फोडलं.

फोन वाजला. नाना. कवितेने स्पीकर लावला.

"अगं, कुठं आहेस? सगळे आलेत! खापर लालबुंद झालंय! तो गोळा ताणायचा कसा?"

अक्का फोनजवळ तोंड नेऊन म्हणाल्या, "जपीसन."

आणि फोन बंद केला.

आम्ही सावकाश उतरलो. एक सीताफळाचं झाड दिसलं, तिथे थांबलो. एका चिऱ्यावर कोरलेलं काहीतरी दिसलं, ते बघत बसलो. खाली आलो तेव्हा दुपार कलली होती.

दृश्य असं. प्रमोदच्या मिशीला कणीक. दिनेशराव खापरावरून काहीतरी खरवडून काढताहेत. मित्रांच्या बायका खुर्च्यांवर ओळीने बसून पुरण नुसतंच चमच्याने खाताहेत, आणि अगदी मजेत! मध्यभागी नाना. दोन्ही हात वर, आणि एक मांडा त्यांच्या कोपरावरून ओल्या टॉवेलसारखा लोंबतोय. घाम, धूर, डोळे लाल. अक्कांना बघून त्यांचा आवाज चढला, पण पाहुण्यांकडे लक्ष गेलं तसा अर्ध्यातच खाली आला.

"अगं, होतीस कुठं तू?"

अक्का दगडावर बसल्या. बुटांच्या नाड्या सोडता सोडता म्हणाल्या,

"कॅम्पिंगले!"